मुक्कामांची वाट : आल्प्सच्या बर्फापासून एड्रियाटिकच्या काठापर्यंत

पर्वत म्हटला की शिखर आणि शिखर म्हटले की चढाई, असा आपल्या मनाशी हिशेब ठरून गेलेला आहे. वर जाणाऱ्याचे कौतुक होते. खाली येणाऱ्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. परंतु युरोपात एक वाट अशी आहे की जिच्यावरचा प्रवासी पहिल्याच सकाळी शिखराकडे पाठ फिरवतो आणि महिना-सव्वा महिना चालत राहून अखेर समुद्राच्या पाण्यात पाय बुडवतो. त्याच्याजवळ तंबू नसतो, दोर नसतो, शिधाही नसतो. पाठीवर दोन जोड कपडे, पावसाचा अंगरखा आणि पाण्याची बाटली. आणि रोज संध्याकाळी कोणत्या तरी गावात गरम जेवण आणि स्वच्छ अंथरूण. या वाटेला आल्पे-आद्रिया असे नाव आहे. आल्पे म्हणजे आल्प्स पर्वत, आद्रिया म्हणजे एड्रियाटिक समुद्र. आज तिच्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत, आणि त्यांतली मुख्य गोष्ट अशी की ही वाट डोंगरांनी किंवा नद्यांनी आखलेली नाही. ती मुक्कामांनी आखलेली आहे.

प्रथम तिची मापे सांगतो. ऑस्ट्रियाचे सर्वांत उंच शिखर ग्रोसग्लॉकनर, उंची ३७९८ मीटर. त्याच्या पायथ्याशी, २३६९ मीटर उंचीवर, कैसर-फ्रान्झ-जोसेफ्स-ह्योहे नावाचा एक कठडा आहे. १८५६ साली सम्राट फ्रान्झ जोसेफ इकडे आला होता, म्हणून हे नाव. तेथून वाट सुरू होते, ऑस्ट्रियाचा कारिंथिया प्रांत ओलांडते, स्लोव्हेनियात उतरते, इटलीच्या फ्रिउली प्रांतात शिरते, पुन्हा एकदोनदा सीमेच्या अलीकडे-पलीकडे होते आणि त्रिएस्तेजवळच्या मुज्जा या लहानशा बंदरात संपते. सर्व मिळून ४३ टप्पे आणि सुमारे ७५० किलोमीटर. तिन्ही प्रदेशांच्या पर्यटन संस्थांनी एकत्र येऊन २०१२ साली ती खुली केली. पायवाटा बहुतेक जुन्याच होत्या. मेंढपाळांच्या, लाकूडतोड्यांच्या, यात्रेकरूंच्या, आणि पुष्कळशा तर सैनिकांच्या. नवी होती ती त्यांना एका सुतात ओवण्याची कल्पना.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हिमनदीपासून समुद्रापर्यंतची वाट म्हटल्यावर आपल्याला साहजिकच वाटते की वितळलेल्या बर्फाचे पाणी धरून खाली चालायचे, म्हणजे आपोआप समुद्र येईल. तसे मुळीच नाही. प्रवासी सुरुवातीला ज्या पास्टर्झे हिमनदीच्या काठाने निघतो, तिचे पाणी म्योल नदीतून द्रावा नदीला मिळते, द्रावा डॅन्यूबला आणि डॅन्यूब काळ्या समुद्राला. म्हणजे पायाखालचे पाणी पूर्वेकडे निघालेले असते आणि माणूस दक्षिणेकडे! त्याला त्याच्या समुद्राचे पाणी पहिल्याने भेटते ते अर्ध्याहून अधिक वाट सरल्यावर, स्लोव्हेनियातील १६११ मीटर उंचीची व्रशिच खिंड ओलांडल्यावर. खिंडीच्या अलीकडचा पाऊस सावा नदीतून पुन्हा काळ्या समुद्राकडेच जातो. पलीकडचा पाऊस सोचा नदीतून एड्रियाटिकला. छत्रीच्या दोन टोकांवरून गळणारे थेंब दोन समुद्रांना जातात, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

म्हणून ही वाट सारखी उतरतही नाही. कागदावर पाहिले तर २३६९ मीटरवरून शून्यावर यायचे. प्रत्यक्षात एक खोरे संपले की पुढची धार चढायची, तळ्याकाठी उतरायचे, पुन्हा धार. उतार सोपा असतो असे समजणाऱ्याला त्याचे गुडघे तिसऱ्या दिवशी सत्य काय ते सांगतात.

मग हा मार्ग असाच का वळला? उत्तर साधे आहे. माणूस डोंगरात दिवसाकाठी पाच ते सात तास सुखाने चालू शकतो, म्हणजे सतरा-अठरा ते वीस किलोमीटर. तेवढ्या अंतरावर जेथे अंथरूण मिळते तेथे टप्पा संपतो. मार्ग आखणाऱ्यांनी नकाशावर आधी रात्रीचे ठिपके दिले असतील आणि मग दिवसाच्या रेघा ओढल्या असतील, असेच या वाटेकडे पाहताना वाटते. आपल्याकडची धर्मशाळा डोळ्यांसमोर आणू नये. हा सरळ पैशाचा व्यवहार आहे. खोली, संध्याकाळचे जेवण आणि सकाळची भरपेट न्याहारी असा एकत्र दर ठरतो. जड सामान पुढच्या गावी मोटारीने पोचवण्याची सोयही मोल देऊन मिळते. परंतु व्यवहार असला तरी त्यात एक रीत आहे. आल्यावर चिखलाचे बूट दाराशी काढून ठेवायचे, ओले मोजे वाळवण्याच्या खोलीत टांगायचे, आणि येणार असे कळवून न आल्यास मालकाला निरोप द्यायचा. ही शेवटची अट केवळ सभ्यतेची नाही. डोंगरात अंधार पडल्यावर एक ताट रिकामे राहिले तर मालकाला काळजी लागते.

कारिंथियात या घराला गास्टहोफ म्हणतात, स्लोव्हेनियात गोस्तिल्ना, इटलीत ओस्तेरिया. तीन भाषा, तीन निराळी कुळे. एक जर्मन, एक स्लाव, एक लॅटिनची लेक. परंतु भाषाशास्त्रज्ञ सांगतात की या तिन्ही शब्दांच्या मुळाशी एकच प्राचीन धातू आहे आणि त्याचा अर्थ पाहुणा, परका. त्याच मुळापासून लॅटिन भाषेत शत्रूला वाचक असलेला शब्दही निघाला. दाराशी आलेला परका माणूस पाहुणा ठरतो की वैरी, हे भाषेने मोकळेच ठेवले होते. या प्रदेशाचा इतिहास पाहिला म्हणजे ते किती खरे होते हे पटते.

एकोणिसाव्या शतकात येथे रात्रीचा आसरा हीसुद्धा राजकारणाची बाब होती. ऑस्ट्रियन पर्वतमंडळाची स्थापना १८६२ ची, इटालियन मंडळाची १८६३ ची, जर्मनांच्या मंडळाची १८६९ ची. या मंडळांनी डोंगरावर पथिकगृहे बांधली, वाटा रंगवल्या, पाट्या लावल्या. पाटी कोणत्या भाषेत, यावरून डोंगर कोणाचा हे ठरू लागले. स्लोव्हेन लोकांनी १८९३ साली आपले स्वतःचे पर्वतमंडळ काढले ते या अस्वस्थतेतून. याकोब आल्याझ नावाच्या एका खेड्यातल्या धर्मगुरूने तर त्रिग्लाव शिखराचा माथा ग्रामसभेकडून विकत घेतला आणि १८९५ साली त्यावर पत्र्याचा एक छोटा मनोरा उभा केला. तो मनोरा आजही २८६४ मीटर उंचीवर उभा आहे. आपली वाट त्या शिखरावर जात नाही, त्याच्या पश्चिमेकडच्या खोऱ्यांतून निघून जाते. पण वाटेवरच्या खुणांत ती कथा दिसते. ऑस्ट्रियात दगडावर तांबडा-पांढरा-तांबडा पट्टा असतो. स्लोव्हेनियात शिरले की तांबड्या कड्यात पांढरा ठिपका दिसू लागतो. ही खूण आलोइझ क्नाफेल्त्स याने १९२२ साली रूढ केली. झाडावरचा रंग बदलला की देश बदलला असे समजावे.

आता वाटेने चालू लागू. आरंभीचे दृश्य भव्य आहे आणि खिन्न करणारेही आहे. पास्टर्झे ही ऑस्ट्रियातील सर्वांत मोठी हिमनदी. सम्राट आला त्या काळापासून तिचे क्षेत्र जवळजवळ निम्म्यावर आले आहे. १९६३ साली कठड्यावरून हिमनदीवर उतरण्यासाठी रुळांवरची गाडी बांधली, तेव्हा गाडीतून उतरणारा माणूस बर्फाजवळ पोचत असे. त्यानंतर बर्फ खचत आणि मागे हटत गेला, आणि गाडीचे खालचे ठाणे उघड्या खडकावर अधांतरी राहिल्यासारखे झाले. ज्याला या वाटेची सुरुवात बर्फाच्या काठाने करायची आहे त्याने फार वर्षे थांबू नये, असे मी म्हणेन.

पहिल्या दिवसाचा मुक्काम हायलिगेनब्लुट. नावाचा अर्थ पवित्र रक्त. कथा अशी की ब्रिक्सियस नावाचा एक डेन्मार्कचा माणूस इ. स. ९१४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून ख्रिस्ताच्या रक्ताची कुपी घेऊन घरी निघाला असता येथे हिमलोटात गाडला गेला, आणि बर्फातून उगवलेल्या गव्हाच्या तीन ओंब्यांनी त्याचा ठाव सांगितला. त्याच्या स्मरणाचे देऊळ निमुळत्या मनोऱ्याचे आहे आणि त्यामागे ग्रोसग्लॉकनर. हे चित्र आपल्यापैकी अनेकांनी दिनदर्शिकेवर पाहिले असेल. यानंतरचे कित्येक दिवस म्योलचे खोरे, कुरणे, मिलश्टाटचे आणि ओसियाखचे तळे यांत जातात. प्रदेश सुखवस्तू आहे. जेवणात पनीरसारखे चीज आणि पुदिना भरलेली मोठी करंजी उकडून देतात, ती शाकाहारी माणसाला वरदान वाटावी अशी. या भागाविषयी याहून अधिक सांगत नाही. सुखाचे वर्णन फार वेळ ऐकवत नाही.

करावांकेनची धार उतरून क्रान्यस्का गोरा गाठले की वाटेचा स्वभाव बदलतो. येथून व्रशिच खिंडीकडे जाणारा रस्ता आहे, पन्नास वळणांचा, आणि प्रत्येक वळणाला क्रमांक. हा रस्ता पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून बांधवून घेतला. मार्च १९१६ मध्ये हिमलोट कोसळून त्यांतले पुष्कळ कैदी गाडले गेले. त्यांच्या सोबत्यांनी बांधलेले लाकडी प्रार्थनामंदिर झाडीत उभे आहे. पलीकडे उतरले की त्रेंताचे खोरे आणि सोचाचा उगम. कड्याच्या पोटातल्या एका गुहेतून ही नदी एकदम बाहेर पडते. तिचा हिरवा-निळा रंग छायाचित्रात पाहिला तर खोटा वाटतो. चुनखडीच्या पांढऱ्या दगडावरून इतके नितळ पाणी वाहते की प्रकाशच तो रंग देतो. कोबारिदजवळच्या व्र्स्नो गावी जन्मलेल्या सिमोन ग्रेगोर्चिच या कवीने या नदीला उद्देशून एक कविता लिहिली, ती १८८२ साली ग्रंथात प्रसिद्ध झाली. तिच्या काठी रक्त सांडेल अशी चिंता तीत आहे. पुढे तेहतीस वर्षांनी तसेच घडले. जून १९१५ ते नोव्हेंबर १९१७ या काळात ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली यांच्या सैन्यांत या नदीच्या काठी बारा लढाया झाल्या. इटालियन लोक नदीला इझोन्झो म्हणतात, म्हणून इतिहासात त्या इझोन्झोच्या लढाया. लक्षावधी माणसे मेली किंवा जायबंदी झाली, आणि अकरा लढायांत आघाडी थोडीशीच सरकली. बारावीत, २४ ऑक्टोबर १९१७ रोजी, कोबारिदपाशी ती एकाएकी फुटली. कोबारिदच्या वर असलेल्या अस्थिस्मारकात ७०१४ इटालियन सैनिकांचे अवशेष आहेत. गावात १९९० साली उघडलेले युद्धसंग्रहालय आहे. त्यात विजयाचा गजर नाही, कोणा एका पक्षाची बाजू नाही. म्हणून ते पाहण्यासारखे आहे.

या गावाची आणखी एक गंमत, गंमत म्हणावी तर. १९१० साली कोबारिदमध्ये जन्मलेले मूल ऑस्ट्रियाचे प्रजाजन होते. दहा वर्षांचे झाले तेव्हा गाव तहान्वये इटलीकडे गेले. १९२३ च्या शिक्षणकायद्याने स्लोव्हेन शाळा मोडीत निघू लागल्या. सदतिसाव्या वर्षी तो मनुष्य युगोस्लाव्हियाचा नागरिक झाला आणि एक्क्याऐंशी वर्षे जगला असेल तर स्लोव्हेनियाचा. घर तेच, अंगणातले झाड तेच!

तोल्मिनच्या पुढे वाट कोलोव्रातच्या धारेवर चढते. जुने खंदक दुरुस्त करून तेथे उघड्यावरचे संग्रहालय केले आहे. हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला क्षितिजाशी एक चकाकती रेघ दिसते. तोच समुद्र. इतके दिवस ज्याचे केवळ नाव ऐकले तो येथे पहिल्याने दिसतो, आणि नेमक्या याच ठिकाणाहून आपण वाटेतल्या सर्वांत एकाकी भागात उतरतो.

हा इटलीच्या हद्दीतला, पण स्लाव बोली बोलणाऱ्यांचा डोंगराळ पट्टा. दुसऱ्या महायुद्धानंतर सीमा या धारेवर आली आणि तिच्या कडेची गावे लष्करी निर्बंधांत सापडली. उद्योग नाही, रस्ते अपुरे. १९४६ साली इटली आणि बेल्जियम यांच्यात करार झाला. इटलीने मजूर द्यायचे, बेल्जियमने कोळसा. या खोऱ्यांतली तरुण माणसे मोठ्या संख्येने बेल्जियमच्या खाणींत उतरली आणि बहुतेक परत आली नाहीत. मग ६ मे १९७६ चा फ्रिउलीचा भूकंप झाला. कोलोव्रातच्या कुशीतल्या द्रेंकिया ग्रामपालिकेत आज सारी वस्ती शंभराच्या आसपास आहे. गल्लीतून जाताना दहा घरांपैकी आठ घरांच्या खिडक्या बंद दिसतात.

आणि येथेच या वाटेचा खरा प्रश्न उभा राहतो. ट्रिबिलसारख्या खेड्यात रात्रीची सोय करणारी घरे मोजकीच. समजा, ती चालवणारे वृद्ध जोडपे थकले, मुले उदिनेला किंवा त्रिएस्तेला नोकरीस गेली आणि दाराला कुलूप लागले. मग काय होईल? तोल्मिनहून निघालेल्या माणसाला एकदम चिविदालेपर्यंत जावे लागेल; एका दिवसाचे दोन दिवस होतील, पण मधली रात्र कोठे काढायची हे कोणी सांगू शकणार नाही. रंगवलेल्या खुणा तशाच राहतील, नकाशाही राहील, परंतु वाट तुटलेली असेल. उलट बाजूही पाहावी. दिवसाला दहा-बारा चालणारे आले तरी तेवढ्यावर घर तरते, पाव आणणारी गाडी येते, शेजारचा शेतकरी चीज विकू शकतो. मोटारीने येणारा प्रवासी अशा गावात थांबत नाही. तो वीस मिनिटांत खोरे ओलांडतो. पायी चालणाऱ्यालाच येथे झोपावे लागते. पर्यटनाच्या नावाने जे पुष्कळ खर्च होतात, त्यांत दमलेल्या पायांवर विसंबलेली ही योजना मला अधिक शहाणपणाची वाटते. तिने गावे पुन्हा भरतील असे मात्र नाही. फार तर एखाद-दुसरी खिडकी उघडी राहील.

चिविदाले येथे डोंगर संपतो. ज्यूलियस सीझरच्या नावावरून रोमनांनी याला फोरुम यूली म्हटले आणि त्यावरूनच फ्रिउली हे प्रांताचे नाव आले. त्यानंतर कॉर्मोन्सच्या द्राक्षमळ्यांच्या टेकड्या. १९४७ ची सीमा या मळ्यांतून गेली आणि घर एका देशात, वेली दुसऱ्यात, अशी अवस्था झाली.

पुढचा प्रदेश क्रास किंवा कार्सो. चुनखडीच्या या पठाराच्या नावावरूनच भूगोलातला कार्स्ट हा शब्द जगभर गेला. योव्हान त्स्विइच याने १८९३ साली अशा भूमीवर शास्त्रीय ग्रंथ लिहून तो रूढ केला. येथे पाऊस पडतो, पण ओढे वाहत नाहीत. जमीन पाणी गिळते. एक नदी तर श्कोत्स्यानच्या गुहांत शिरते आणि सुमारे ४० किलोमीटर भूगर्भातून जाऊन दुईनोजवळ तिमावो या नावाने वर येते, आणि थोडक्यात समुद्राला मिळते. हिवाळ्यात ईशान्येकडून बोरा नावाचा वारा असा सुटतो की जुन्या घरांच्या छपरांवर दगड ठेवलेले असतात.

अशा रुक्ष मुलखात मुक्कामाची एक जुनी रीत मात्र टिकून आहे. १७८४ साली सम्राट दुसरा जोसेफ याने शेतकऱ्यांना स्वतःच्या घरची दारू काही दिवस कर न देता विकण्याची मुभा दिली. ती मुदत आठ दिवसांची. स्लोव्हेन भाषेत आठ म्हणजे ओसेम, म्हणून अशा घराला ओस्मित्सा. आजही चौरस्त्यावर आयव्हीच्या वेलीची हिरवी डहाळी आणि बाण टांगलेला दिसला की समजावे, बाणाच्या दिशेला कोणाचे तरी अंगण आज उघडे आहे. दारू न पिणाऱ्यालाही तेथे उकडलेली अंडी, पाव आणि चीज मिळते. येथे झोपण्याची सोय बहुधा नसते. पण दुपारची सावली आणि बसायला बाक मिळतो, आणि चालणाऱ्याला तेवढे पुरते.

दुईनोच्या किल्ल्यात जानेवारी १९१२ मध्ये रिल्के या जर्मन कवीने आपल्या विख्यात विलापिकांचा आरंभ केला. लिपित्सा येथे १५८० पासून पांढऱ्या घोड्यांची पैदास होते. ही ठिकाणे प्रवासी पुस्तकांत सविस्तर आहेत, म्हणून मी ती ओलांडून पुढे जातो.

ज्यांच्या मनात जाण्याचा विचार येईल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. वरचा भाग जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच चालावा. आधी आणि नंतर बर्फ आडवा येतो. खालचा इटालियन भाग भर उन्हाळ्यात तापतो. सारी वाट एका दमात चालण्याचा हट्ट नसावा. ज्याच्याजवळ दहाच दिवस आहेत त्याने क्रान्यस्का गोराहून निघून चिविदालेपर्यंत यावे. वाटेचा गाभा त्यात येतो. मुक्काम आधी पत्राने ठरवून घ्यावेत. शाकाहार पाळणाऱ्याने तेही त्याच पत्रात लिहावे, कारण कार्सोवरच्या योता नावाच्या घेवड्याच्या आमटीतही पुष्कळदा डुकराचे मांस असते. भारतीय नागरिकाला तिन्ही देशांसाठी एकच शेंगेन परवाना चालतो. २१ डिसेंबर २००७ रोजी स्लोव्हेनियाच्या या सीमांवरची फाटके उघडली. रानातल्या सीमादगडावर बसून एक पाय एका देशात आणि दुसरा दुसऱ्या देशात ठेवून शिदोरी खाता येऊ लागली. तथापि ऑक्टोबर २०२३ मध्ये इटलीने या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली, आणि ऑस्ट्रियाने तर त्याही आधीपासून. पारपत्र पिशवीच्या तळाशी न ठेवता वरच्या कप्प्यात ठेवावे.

शेवटच्या दिवशी रोझांद्राची खडकाळ घळ उतरावी लागते. नंतर कारखाने, रस्ते, आणि मग मुज्जा. इस्त्रिया द्वीपकल्पातले इटलीकडे राहिलेले हे एकच गाव. बंदर इतके लहान की दहा मिनिटांत फेरी होते; भिंतीवर व्हेनिसचा पंखांचा सिंह. पाण्यात पाय बुडवायचा तर वाळू नाही, धक्क्याच्या दगडी पायऱ्या आहेत, आणि त्या शेवाळाने निसरड्या. धक्क्यावरूनच त्रिएस्तेला जाणारी छोटी बोट सुटते. अर्ध्या तासात ती पलीकडे पोचवते, आणि त्रिएस्तेहून उदिनेमार्गे आगगाडीने कारिंथियाला त्याच दिवशी परत जाता येते.